चाकणचा चित्ता, जुन्नरचा बिबट्या: एक्सयूव्ही ५००च्या रूपाचे परीक्षण

माझे मामा नारायणगावकडचे शेतकरी. चाकणच्या बैलबाजारात त्यांचे अर्धे आयुष्य गेले आहे. सहा वर्षांपूर्वी मी वापरलेली महिंद्रा एक्सयूव्ही ५०० घ्यायचे ठरवले, तेव्हा गाडी पाहायला त्यांना बरोबर नेले होते. विकणारा इंजिनाविषयी बोलत होता, मी कागदपत्रे चाळत होतो आणि मामा मात्र गाडीच्या तोंडाकडे न जाता सरळ मागच्या चाकापाशी जाऊन उभे राहिले. चाकावरच्या फुगीर पत्र्यावर त्यांनी हलकी थाप मारली आणि म्हणाले, "पुठ्ठ्याला भरलीय." बैल घेताना आधी दात पाहावेत की पुठ्ठा, म्हणजे मागची भरीव मांडी, यावर बाजारात दोन मते असतात; मामा पुठ्ठेवाले. मी शाळेत चित्रकला शिकवतो आणि मुलांना जनावराचे चित्र काढायला सांगताना मीही मागच्या पायांच्या वजनापासून सुरुवात करायला लावतो. त्यामुळे त्या दिवशी व्यवहार ठरण्यापूर्वीच आमच्या दोघांचे एकमत झाले होते.

हे परीक्षण गाडीच्या मायलेजचे किंवा देखभालीच्या खर्चाचे नाही. त्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मला लिहायचे आहे ते तिच्या रूपाविषयी, म्हणजे पत्रा, काच आणि दिवे यांतून ही गाडी पाहणाऱ्याला स्वतःविषयी काय सांगते आणि ते सांगणे कितपत खरे आहे, याविषयी. एक्सयूव्ही ५०० यासाठी विशेष योग्य आहे, कारण अमुक एका प्राण्यावरून ही गाडी घडवली आहे, असे कंपनीनेच उघडपणे सांगितले होते. तो प्राणी म्हणजे चित्ता. तेव्हा दावा समोर आहे आणि तो तपासता येतो.

ही गाडी सप्टेंबर २०११मध्ये बाजारात आली, ती चाकणच्या कारखान्यातून. सुरुवातीची किंमत १०.८० लाख रुपये होती. मागणी इतकी आली की नोंदणी काही काळ थांबवावी लागली आणि पुढे सोडत काढून गाड्या वाटाव्या लागल्या. नावाचा उच्चार ‘फाइव्ह डबल ओ’ असा करावा, अशी कंपनीची अपेक्षा होती. बोलेरो, स्कॉर्पिओ, झायलो अशी ओकारान्त नावांची परंपरा त्यामागे होती. पण आपल्याकडे तो उच्चार फारसा कोणाच्या जिभेवर बसला नाही आणि लोक नुसते ‘एक्सयूव्ही’ म्हणत राहिले. डिझाइनची धुरा रामकृपा अनंतन यांच्याकडे होती. पवईच्या आयआयटीतील औद्योगिक डिझाइन केंद्रात त्यांचे शिक्षण झाले आहे आणि त्याआधी बोलेरो, स्कॉर्पिओ यांच्या अंतर्भागाचे काम त्यांनी केले होते.

आता त्या पुठ्ठ्याकडे वळू, कारण या गाडीचे सारे व्यक्तिमत्त्व तिथे एकवटलेले आहे. बाजूने पाहिले असता खिडक्यांच्या खालची रेषा पुढच्या दारापासून मागे जाताना हळूहळू वर चढते. साधारणपणे अशी रेषा शेवटच्या खांबापर्यंत सरळ जाऊन तिथे संपते. इथे मात्र मागच्या चाकाच्या वर आल्यावर पत्रा खालून ढकलल्यासारखा उसळतो, खिडकीच्या रेषेत घुसतो आणि काचेचा एक घास घेऊन पुन्हा खाली उतरतो. हा उंचवटा केवळ बाहेर आलेला नाही, तर तो वरही गेलेला आहे, आणि खरी मेख यात आहे. चाकावरचा पत्रा नुसता बाहेर फुगवला की गाडी रुंद आणि दणकट वाटते. वर उचलला की तिथे सांधा असल्याचा भास होतो. पाहणाऱ्याच्या मनात मांडी, गुडघा आणि त्याखाली आवळून धरलेली ताकद असे चित्र उभे राहते. दबा धरून बसलेल्या मांजराच्या मागच्या मांड्या अशाच फुगून वर आलेल्या दिसतात. ज्याने घरात मांजर पाळले आहे त्याला हे सांगावे लागणार नाही.

या उंचवट्याचे आयुष्य प्रकाशावर अवलंबून आहे. माझी गाडी पांढरी आहे, आणि पुण्याच्या परिसरातील निम्म्या एक्सयूव्ही पांढऱ्याच असाव्यात, असे मला नेहमी वाटते. भर दुपारी डोक्यावरच्या उन्हात पांढऱ्या रंगावर सावली ठरत नाही; पुठ्ठा सपाट होतो आणि गाडी एखाद्या मोठ्या, जराशा गोंधळलेल्या डब्यासारखी दिसते. संध्याकाळी ऊन तिरपे झाले की तोच पत्रा जिवंत होतो, उंचवट्याच्या माथ्यावर एक उजळ कड उमटते आणि तिच्याखाली खोल सावली पडते. गडद लाल आणि जांभळ्या रंगांत हा आकार दिवसभर टिकतो, म्हणून रूपासाठी ही गाडी घेणाऱ्याने पांढऱ्या रंगाचा मोह टाळावा, असे मी स्वतः पांढरी घेतल्यानंतर सांगतो आहे. काळ्या रंगात उलट अडचण आहे: तिथे कड दिसते, पण सावलीतला मधला चढउतार हरवतो.

या आकाराची किंमतही मोजावी लागते आणि ती तिसऱ्या रांगेत बसणारा मोजतो. पत्र्याने काचेचा घास घेतल्यामुळे मागची खिडकी लहान झाली आहे. सात माणसांची गाडी म्हणून विकल्या जाणाऱ्या वाहनात मागच्या दोघांच्या वाट्याचा उजेड कमी करून बाहेरच्या पाहणाऱ्याला स्नायू दाखवावा, हा निर्णय धाडसी आहे आणि काहीसा स्वार्थीही. मला तो पटतो, कारण तो घेतला नसता तर गाडीला ओळखच राहिली नसती. पण माझ्या घरात तिसऱ्या रांगेत बसण्याची पाळी माझी नसते, हेही वाचकाने लक्षात घ्यावे.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, जी मामांना मी अजून सांगितलेली नाही. बैल असो की चित्ता, जनावर मागच्या पायांनी रेटा देते; म्हणून मागची मांडी भरलेली असते. एक्सयूव्ही ५००च्या बहुतेक गाड्यांत इंजिन पुढे आडवे बसवलेले असून ते पुढच्या चाकांना ताकद देते. चारही चाकांना ताकद देणारी आवृत्ती होती, पण रस्त्यावर दिसणाऱ्या गाड्यांत ती थोडी. म्हणजे आपल्या डोळ्यांना जो पुठ्ठा गाडी पुढे ढकलतो आहे असे वाटते, तो प्रत्यक्षात पुढच्या चाकांमागे ओढला जात असतो. शरीरशास्त्राच्या दृष्टीने हे खोटे आहे. तरीही मला त्यात फसवणूक वाटत नाही. लाकडी बैलाच्या मांडीवर सुताराने उठाव कोरला, तर त्या मांडीत ताकद नाही अशी तक्रार पोळ्याला कोणी करत नाही. गाडीच्या रूपाकडून मी तेवढीच अपेक्षा ठेवतो: तिने आपल्या भूमिकेत शेवटपर्यंत राहावे.

भूमिकेत शेवटपर्यंत राहणे तिच्या तोंडाला मात्र जमलेले नाही. पहिल्या आवृत्तीची जाळी उभ्या पट्ट्यांची आहे आणि त्या पट्ट्या विचकलेल्या दातांसारख्या दिसतात. दोन्ही बाजूंचे हेडलाइट कोपऱ्याकडे खेचलेले आहेत, खाली धुक्याच्या दिव्यांभोवती वेगळे आकार आहेत, बॉनेटवर कंगोरे आहेत, आणि प्रत्येक अवयव दुसऱ्याच्या आधी बोलण्याची घाई करतो. गाडीच्या पुढच्या भागात आपण चेहरा पाहतो, यात नवल नाही. व्हिएन्ना विद्यापीठातील संशोधकांनी २००८मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांना गाड्यांचे पुढचे भाग दाखवून त्यांना स्वभावगुण द्यायला सांगितले होते. रुंद पसरलेल्या, चिरलेल्या डोळ्यांसारखे दिवे असलेल्या गाड्या लोकांना प्रौढ, वर्चस्व गाजवणाऱ्या आणि रागीट वाटल्या. आपल्याला ही भाषा अभ्यासावाचूनही कळते. जुन्या पद्मिनी टॅक्सीचे गोल दिवे पाहून कोणालाही भीती वाटली नाही. ती गाडी गर्दीत हॉर्न वाजवतानाही विनवणी केल्यासारखीच दिसे.

एक्सयूव्ही ५०० मात्र डोळेही वटारते आणि दातही विचकते. शिकारी जनावराविषयी ज्याला थोडेफार ठाऊक आहे तो सांगेल की दात विचकणे हे झेप घेण्यापूर्वीचे लक्षण नव्हे. कोपऱ्यात सापडलेले, घाबरलेले जनावर दात विचकते. झेप घेणारे तोंड मिटून, नजर रोखून स्थिर असते. म्हणजे मागचे शरीर शांतपणे दबा धरून बसले आहे आणि तोंड मात्र गुरगुरते आहे, अशी ही विसंगती आहे. दसऱ्याला जाळीवर झेंडूचा हार चढला की ती पुष्कळशी झाकली जाते. वर्षातून तो एक दिवस ही गाडी मला समोरूनही देखणी वाटते.

बारीकसारीक कामगिरीत एक गोष्ट मनापासून आवडण्यासारखी आहे, ती म्हणजे दाराची मूठ. ती चित्त्याच्या पंजावरून घेतली आहे. मूठ हाताला भरीव लागते आणि दार उघडताना बोटे तिच्या मागे नीट बसतात. कल्पना सांगितली नाही तरी वस्तू चांगली आहे, आणि सांगितली तर हसू येते. प्राण्यावरून घेतलेल्या आकाराची हीच कसोटी असावी. गाडीच्या आत शिरल्यावर मात्र प्राणी संपतो. मधल्या फलकावर बटणांची दाटी आहे, स्पर्शाने चालणारा पडदा आहे, त्या काळात या किमतीला दुर्मीळ असलेल्या सोयी आहेत, आणि एकूण अवतार दिवाळीत सजवलेल्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या दुकानाचा आहे. बाहेरून जंगल आणि आतून शोरूम, असा हा संसार.

हे सारे आकार शक्य झाले त्याला एक तांत्रिक कारणही आहे. स्कॉर्पिओ, बोलेरो या गाड्यांत खाली शिडीसारखी पोलादी चौकट असते आणि तिच्यावर वरचा सांगाडा बसवलेला असतो, त्यामुळे गाडीच्या आतली जमीन उंच येते आणि शरीर उभट, पेटीसारखे राहते. त्या उभटपणातून त्यांचे व्यक्तिमत्त्व घडले आहे: स्कॉर्पिओ कंबरेवर हात ठेवून उभी राहते. एक्सयूव्ही ५००मध्ये वेगळी चौकट नाही, सांगाडा आणि तळ एकसंध आहेत. म्हणून १,७८५ मिलिमीटर उंच असूनही ४,५८५ मिलिमीटर लांबी आणि १,८९० मिलिमीटर रुंदी यांच्या प्रमाणात ती बसकी दिसते, आणि बसके दिसल्याशिवाय दबा धरल्याचा भास निर्माण करता येत नाही. उभ्या पेटीला पुठ्ठा काढला असता तर ती फक्त सुजल्यासारखी दिसली असती.

आता मूळ दाव्याकडे येतो. हा चित्ता आहे काय? चित्त्याचे शरीर डोळ्यांसमोर आणावे: लांब सडपातळ पाय, खोल छाती, आत गेलेली कंबर, लहान डोके, आणि उभा असतानाही पळण्याच्या तयारीत असल्यासारखा हलकेपणा. एक्सयूव्ही ५००मध्ये यांपैकी काहीही नाही. तिची कंबर भरलेली आहे, डोके मोठे आहे, मान आखूड आहे आणि सारे वजन मागे, खाली दाबून ठेवलेले आहे. हे शरीर बिबट्याचे आहे. बिबट्या पळत नाही, वाट पाहतो. थोडक्या अंतरात सारा जोर लावतो आणि बाकीचा वेळ कोणाच्या नजरेस पडत नाही. मला हा विनोद फार आवडतो, कारण चाकणपासून पुणे-नाशिक रस्त्याने उत्तरेकडे निघाले की तासा-दीड तासात जुन्नर तालुक्यातला ऊस लागतो आणि त्या उसात खरा बिबट्या राहतो. तिथल्या माणसांना तो इतका परिचित आहे की जुन्नरजवळ माणिकडोहला बिबट्यांसाठी निवारा केंद्र उभारावे लागले. कारखान्याच्या उशाला जिवंत नमुना असताना डिझाइनची प्रेरणा मात्र आफ्रिकेच्या गवताळ माळावरून आली, किंवा निदान तसे सांगितले गेले.

जाहिरातीच्या बाजूने विचार केला तर हे समजण्यासारखे आहे. बिबट्या म्हटले की गावात सायरन, पिंजरा आणि रात्री शेतावर पाणी द्यायला जाण्याची भीती आठवते. ती भावना विकत घ्यायला कोणी पैसे देत नाही. चित्ता दूर आहे, म्हणून तो स्वच्छ आहे. महाराष्ट्राचा त्याच्याशी संबंध नव्हता असे नाही. कोल्हापूर संस्थानात पाळीव चित्त्यांकडून काळविटांची शिकार करण्याचा शौक होता आणि त्याची छायाचित्रे आजही पाहायला मिळतात. पण १९५२मध्ये भारतातून चित्ता नामशेष झाल्याचे जाहीर झाले, आणि २०११मध्ये ही गाडी आली तेव्हा देशातल्या कोणत्याही रानात चित्ता नव्हता. नामिबियाहून आणलेले आठ चित्ते मध्य प्रदेशातील कुनोमध्ये सोडले गेले ते १७ सप्टेंबर २०२२ रोजी, म्हणजे २०२१मध्ये एक्सयूव्ही ७००ने या गाडीची जागा घेतल्यानंतर. पत्र्याचा चित्ता गेला आणि मग खरा आला. दोघांची गाठ पडली नाही.

पुढच्या काळात या गाडीचे रूप दोनदा बदलले. २०१५च्या बदलात जाळी आणि दिवे नव्याने घडवले गेले, आणि तोंड थोडे आवरले गेले. माझ्या मते या गाडीचा तो सर्वांत चांगला चेहरा. २०१८च्या बदलात जाळीला चकचकीत क्रोमचा साज चढला आणि मागचे दिवेही बदलले. पहिल्या आवृत्तीतले उभे मागचे दिवे पुठ्ठ्याच्या उंचवट्याला खांबासारखा आधार देत होते. ते जाऊन आडवे, डिकीच्या दारात शिरणारे दिवे आल्यावर गाडी मागून नवी दिसू लागली, पण मांडी आणि पाठ यांचा सांधा तुटला. क्रोमविषयी तर काय सांगावे? शिकारी जनावराच्या जबड्यावर खडे जडवल्यावर ते मिरवणुकीतले जनावर होते. कदाचित तोवर गिऱ्हाईकही बदलले असेल. गाडी शिकारीला नव्हे तर लग्नाला न्यायची असते, हे कंपनीला आपल्यापेक्षा चांगले ठाऊक असणार.

पुठ्ठा मात्र टिकला, आणि मला ते महत्त्वाचे वाटते. एक्सयूव्ही ७००मध्ये तोंड बदलले, दाराच्या मुठी पत्र्यात लपल्या, पंजा गेला, चित्त्याची गोष्टही मागे पडली. तरीही मागच्या चाकावर तोच उसळलेला पत्रा आहे. गोष्ट विसरली गेल्यावर जो आकार उरतो, तोच खरा डिझाइनचा भाग होता असे म्हणता येईल. याउलट उदाहरण महिंद्राच्याच २०१८च्या माराझो गाडीचे. तिच्या रूपामागे शार्क मासा होता, आणि तो दिव्यांच्या आणि जाळीच्या तपशिलांत शोधावा लागे. कुटुंबाला घेऊन जाणाऱ्या शांत, ऐसपैस गाडीला शार्कची काय गरज होती, हे मला शेवटपर्यंत उमगले नाही. तिथे प्राणी पत्र्यावर चिकटवलेला होता. इथे तो सांगाड्यात होता.

वापरलेल्या गाड्यांच्या बाजारात आज एक्सयूव्ही ५०० सहज मिळते. रूपाच्या दृष्टीने विचारणाऱ्याला मी २०१५ ते २०१८ या काळातली, शक्यतो लाल किंवा जांभळी गाडी सुचवीन. पाहायला जाताना सकाळी लवकर किंवा सूर्यास्ताच्या तासभर आधी जावे आणि ती बाजूने, पंधरा-वीस पावलांवरून पाहावी. मागच्या चाकावरच्या पत्र्याला पूर्वी मार बसून तो पुन्हा ठोकून काढलेला असेल तर उंचवट्याच्या कडेवर तिरप्या उन्हात लाट दिसते. ती दिसली तर किंमत कमी करून घेण्यापेक्षा दुसरी गाडी शोधावी, कारण ज्यासाठी ही गाडी घ्यायची ते तिथेच बिघडलेले असेल. आधीच्या मालकाने दारांवर, दिव्यांभोवती चिकटवलेल्या क्रोमच्या पट्ट्या असतील तर त्या काढून टाकाव्यात. काचांवर आणि बाजूंवर मोठी अक्षरे, झेप घेणाऱ्या वाघाची चित्रे लावण्याची आपल्याकडे हौस आहे, पण या पत्र्यावर आधीच एक जनावर बसलेले आहे, त्याच्या अंगावर दुसरे कशाला?

परवा मामांच्या मळ्यावर मुक्काम होता. गाडी उसाच्या बांधाला लावली होती आणि अंधार पडण्याच्या सुमारास शेजारचा गडी पाणी द्यायला निघाला होता. वळणावर येऊन तो क्षणभर थबकला, मग टॉर्च मारून पाहिले आणि हसत पुढे गेला. मामांनी ओट्यावरूनच ओरडून सांगितले, "अरे, ती आपलीच हाय."